लघवीच्या इन्फेक्शनची गोळी अंगातून किती वेळात निघते? सोलापुरातली एक केस

पार्श्वभूमी

मी सोलापुरात एका मेडिकलमध्ये फार्मसिस्ट आहे. ही केस आमच्याकडं नेहमी येणाऱ्या एका घरातली, त्यांना विचारूनच लिहितोय, ओळख पटेल असं जे काही होतं ते बदललंय किंवा गाळलंय. लघवीच्या इन्फेक्शनचं औषध घेणारी माणसं "हे अंगातून कधी निघतं" असं विचारतात तेव्हा कुणाला भीती असते की औषध अंगात साठून राहील, आणि कुणाला वाटतं की लवकर निघून गेलं म्हणजे वाया गेलं. या घरात दोन्ही भीती एकदमच होत्या आणि खरी अडचण तिसरीकडंच होती.

मावशी ६१ वर्षांच्या, वजन ४८ किलो. विडी घरकुलकडं राहतात, लग्न होऊन आल्यापासून विड्या वळतात. सकाळपासून मांडीवर सूप घेऊन बसायचं, पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा आणि मग माल द्यायला रांगेत उभं राहायचं. तिथं बायकांना जायला धड जागा नाही, म्हणून घरातून निघायच्या आधीपासूनच पाणी प्यायचं टाळायचं, ही सवय अंगात इतकी मुरलेली की घरी असतानाही तांब्या जवळ नसतो. त्यात मे महिना, पारा ४३ च्या आसपास, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. लघवी दाबून ठेवली की मूत्राशयातल्या बॅक्टेरियाला वाढायला निवांत वेळ मिळतो, पाणी कमी प्यायलं की ते धुऊन जात नाहीत, पाळी गेल्यानंतर बाईच्या अंगातलं त्या जागेचं नैसर्गिक संरक्षणही कमी होतं, आणि वरून १२ वर्षांची शुगर. इन्फेक्शन व्हायला अजून काय पाहिजे.

चालू गोळ्या अशा: मेटफॉर्मिन १००० आणि ग्लिमेपिराइड २ ची एकत्र गोळी दिवसातून दोनदा, बीपीसाठी टेल्मिसार्टन, आणि हाडांसाठी कॅल्शियम. आठ महिन्यांपूर्वी एका तपासणी शिबिरात क्रिएटिनिन (किडनीने गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) १.५ आलं होतं. रिपोर्टवर त्या आकड्यापुढं एक छोटा बाण होता, "थोडंसंच वाढलंय" असं कुणीतरी म्हणालं आणि कागद फाइलला लागला. या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच होता.

त्रास कसा वाढत गेला

सुरुवात नेहमीसारखीच. लघवीला आग, दर अर्ध्या तासाला जावंसं वाटतंय आणि गेलं की चार थेंब. घरात उन्हाळी लागली म्हणून धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक असं दोन दिवस झालं. त्याने पाणी पोटात गेलं हे चांगलंच झालं, पण आग काय थांबली नाही. मग घराजवळच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटोइन १०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, ५ दिवस असं लिहून दिलं. मला इथं स्पष्ट सांगायचंय की हे औषध चुकीचं नव्हतं. मूत्राशयापुरत्या इन्फेक्शनला आज पहिल्या पसंतीचं जे औषध मानतात त्यातलंच हे आहे, १९५३ पासून वापरात आहे आणि तरीही बॅक्टेरिया त्याला फारसे सरावलेले नाहीत. मावशींनी शुगर आहे हे सांगितलं, किडनीचं सांगितलं नाही, कारण तो बाण किडनीबद्दल काही सांगतोय हे त्यांना कुणी कधी समजावलंच नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी पहिली गोळी, रिकाम्या पोटी. रात्रभर मळमळ. मंगळवारी लघवी एकदम गडद पिवळी, तपकिरीकडं झुकणारी. मावशी घाबरल्या, औषध गरम पडलं म्हणाल्या आणि संध्याकाळची गोळी घेतलीच नाही. बुधवारी सुनेच्या आग्रहाने परत दोन गोळ्या झाल्या, पण आग तशीच, आणि मळमळीमुळं जेवण निम्म्यावर आलेलं. सुनेने मोबाईलवर शोधलं तर लिहिलेलं की या औषधाचं हाफ लाइफ एका तासाच्या आत आहे. तिने सरळ अर्थ काढला की गोळी तासाभरात निघून जातेय, मग ती लागू कशी पडणार. शेजारच्या बाईंकडं सिप्रोफ्लोक्सासिनची (दुसरं एक अँटिबायोटिक, थोडक्यात सिप्रो) अर्धी स्ट्रिप पडून होती, "आमच्या ह्यांना एका दिवसात आराम पडला होता" म्हणून त्यांनी दिली. बुधवारी रात्री जेवणानंतर ती सिप्रो, शुगरची गोळी आणि कॅल्शियम, तिन्ही एकत्र.

गुरुवारी पहाटे मावशींना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं विस्कळीत. घरात शुगरचं मशीन होतं, ५८ आली. सुनेने लगेच साखरेचं पाणी पाजलं, १५ मिनिटांनी परत बघितली, थोडी वर आली होती, मग भाकरी-दूध दिलं. या सगळ्या प्रकरणात त्या पोरीने पहाटे जे केलं ते अगदी बरोबर केलं आणि ते मला इथं मुद्दाम लिहायचंय.

काउंटरवर आलेला प्रश्न

सकाळी दुकान उघडलं तेव्हा सून दोन्ही स्ट्रिप घेऊन उभी. "दादा, आत्यांच्या अंगात दोन औषधं भिडलीत बघा. पहिली गोळी निघायला किती तास लागतात ते सांगा, ती पूर्ण निघाली की मग दुसरी चालू ठेवते. मोबाईलवर तासात निघते म्हणूलालेत, मग आत्यांची आग का जाईना?"

आकड्यात उत्तर द्यायचं तर सोपं आहे. हाफ लाइफ म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, आणि असे साधारण पाच टप्पे गेले की रक्तात ३ टक्क्यांच्या आसपास उरतं, म्हणजे संपल्यातच जमा. चांगल्या किडनीच्या माणसात नायट्रोफ्युरँटोइनचं हाफ लाइफ २० मिनिटं ते एक तास, म्हणजे चार-पाच तासांत रक्तातून गेलं. सिप्रोचं साधारण ४ तास, म्हणजे जवळजवळ एक दिवस. को-ट्रायमोक्सॅझोलचं (लघवीच्या इन्फेक्शनला देतात ते आणखी एक अँटिबायोटिक) १० तासांच्या आसपास, म्हणजे दोन दिवस. पण हे सगळे आकडे रक्ताचे आहेत, आणि आपलं इन्फेक्शन आहे लघवीत.

नायट्रोफ्युरँटोइन रक्तात इतकं कमी राहतं की तिथं ते बॅक्टेरिया मारूच शकत नाही. किडनी ते रक्तातून उचलते आणि लघवीत टाकते, गोळीतला साधारण २० ते ४० टक्के भाग जसाच्या तसा लघवीत उतरतो, आणि तिथं त्याचं प्रमाण रक्ताच्या कितीतरी पट होतं. म्हणजे अंगातून निघणं हेच त्याचं काम. मी तिला म्हणालो, उजनीतून पाणी निघालं म्हणजे वाया गेलं असं असतं का, ते पाइपलाइनमधून तुमच्या नळाला यायला निघालेलं असतं, पण मधली पाइपलाइनच अरुंद झाली असेल तर धरणात पाणी असून तुमचा नळ कोरडा. तिला ते लगेच कळलं आणि तिनेच पुढचा प्रश्न विचारला, "मग आत्यांची पाइपलाइन कशी आहे?"

तो जुना रिपोर्ट तिने घरी फोन करून फोटो काढून मागवला. क्रिएटिनिन १.५ ऐकायला किरकोळ वाटतं, पण ६१ वर्षांच्या बाईत त्याचा ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज) काढला तर ४० च्या खाली येतो, आणि ४८ किलो वजन धरून जुन्या पद्धतीने क्लिअरन्स, म्हणजे गाळण्याचाच आकडा, काढला तर ३० च्या आसपास. तरुण, धडधाकट माणसात हा आकडा ९० च्या वर असतो. बारीक अंगाच्या वयस्कर बायकांमध्ये क्रिएटिनिन फसवतं ते इथंच, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि त्यांच्या अंगात स्नायूच कमी, मग किडनी निम्म्यावर आली तरी रिपोर्टवर फक्त एक बाण दिसतो.

किडनी अशी मंद असली की दोन गोष्टी एकदम होतात. लघवीत औषध कमी उतरतं म्हणून इन्फेक्शन हटत नाही, आणि रक्तात जास्त वेळ राहतं म्हणून त्रास वाढायची शक्यता, त्यात हातापायांच्या नसांना होणारी इजा सगळ्यात काळजीची, आणि शुगरच्या पेशंटमध्ये ती भीती आधीच असते. लघवी गडद झाली म्हणजे औषध पोचतंय ना, असं तिने विचारलं. रंग या औषधाचाच असतो, त्यात घाबरायचं काही नाही, पण रंग यायला थोडंसं औषधही पुरतं, पुरेसं पोचलंय याचा तो पुरावा नाही.

कोणते पर्याय होते

मी स्वतः गोळी बदलून देणं हा पर्याय नव्हताच. दुकानात उभं राहून रोज अशी मागणी येते, पण पहाटे शुगर ५८ झालेल्या पेशंटला डॉक्टरांनी बघणं गरजेचं होतं. मी एका कागदावर सगळ्या चालू गोळ्या, कुठली कधी घेतली त्या वेळा, पहाटेची शुगर आणि जुनं क्रिएटिनिन असं लिहून दिलं आणि त्याच दिवशी एमडी डॉक्टरांकडं पाठवलं, फोनवर त्यांच्याशी बोललोही. सकाळची शुगरची गोळी तोपर्यंत द्यायची नाही असं त्यांनी फोनवरच सांगितलं.

त्यांनी आधी ताप बघितला, पाठीत बरगडीखाली दोन्ही बाजूला हलकं ठोकून बघितलं, थंडी वाजते का विचारलं. हे महत्त्वाचं, कारण इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलं असेल तर नायट्रोफ्युरँटोइन आणि फॉस्फोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची पुडी, दोन्हीवर विसंबता येत नाही, किडनीच्या मांसात ती पुरेशी पोचत नाहीत. मावशींना ताप नव्हता, पाठ दुखत नव्हती. रक्त आणि लघवी तपासायला दिली, क्रिएटिनिन आता १.७, ईजीएफआर ३४. पाणी कमी, जेवण कमी, उन्हाळा, त्यामुळं अजून थोडं खाली गेलेलं.

आता खरा निर्णय. पहिला पर्याय, नायट्रोफ्युरँटोइनच ५ दिवस पूर्ण करायचं, पण जेवणानंतर. हा पर्याय अगदीच टाकाऊ नव्हता आणि डॉक्टरांनीही तो लगेच झटकला नाही. जेवणासोबत घेतलं तर हे औषध चांगलं शोषलं जातं आणि मळमळही कमी होते, म्हणजे मावशींनी ते नीट घेतलंच नव्हतं असंही म्हणता येतं. किडनीची मर्यादाही सगळीकडं एक नाही: अमेरिकेतल्या लेबलवर क्लिअरन्स ६० च्या खाली नको असं लिहिलेलं असतं, म्हाताऱ्या माणसांसाठीच्या तिथल्याच बिअर्स यादीत (टाळायच्या औषधांची यादी) २०१५ मध्ये ती मर्यादा ३० वर आणली, ब्रिटनमध्ये ४५ च्या खाली टाळा म्हणतात, ३० ते ४४ मध्ये अगदी गरज असेल तर थोडे दिवस. मावशी नेमक्या या सीमारेषेवर, आणि वजन धरून काढलं तर ३० च्याही खाली. दुसरा कुठलाच मार्ग नसता तर कदाचित चाललं असतं, पण मार्ग होता.

दुसरा, सिप्रो चालू ठेवायची. घरच्यांचा ओढा इकडं होता कारण शेजाऱ्यांना गुण आलेला. पण सिप्रो आणि तिच्या जातीची औषधं ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर शुगर धोकादायकरीत्या खाली आणू शकतात, अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये याबद्दलचा इशारा अजून कडक केला, आणि २०१६ मध्येच सांगितलं होतं की साध्या लघवीच्या इन्फेक्शनला दुसरं काही चालत असेल तर ही वापरू नका. मावशींची शुगर फक्त सिप्रोमुळंच उतरली असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही, जेवण निम्मं, किडनी मंद, शुगरची गोळी पूर्ण डोसमध्ये, हे सगळं त्या रात्री एकत्र आलं होतं. कॅल्शियमसोबत घेतल्यामुळं सिप्रो पोटातच बांधली जाऊन कमी शोषली गेली असणार, नाहीतर काय झालं असतं याचा विचार नको वाटतो.

तिसरा, को-ट्रायमोक्सॅझोल. टेल्मिसार्टन घेणाऱ्या, किडनी मंद असलेल्या पेशंटमध्ये त्याने पोटॅशियम वाढू शकतं, आणि ग्लिमेपिराइडबरोबर शुगर उतरायचा धोका इथंही आहेच. अमिकासिनचं इंजेक्शन मावशींच्या मुलाने सुचवलं, "एकदाच जोरात मारून टाका" म्हणून, पण ते किडनीवरच भार टाकणारं औषध, आणि पेशंट ॲडमिट करण्याइतकी आजारी नाही. उरलं फॉस्फोमायसिन, ३ ग्रॅमची एकच पुडी.

काय केलं

नायट्रोफ्युरँटोइन आणि सिप्रो दोन्ही बंद. लघवीचं कल्चर (कुठला बॅक्टेरिया आहे आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं हे बघणारी लॅबची तपासणी) आधी पाठवलं, अँटिबायोटिक आधीच पोटात गेलंय त्यामुळं काही उगवणार नाही अशी शक्यता होती तरी पाठवलं, आणि ते बरं झालं. फॉस्फोमायसिन त्याच रात्री. घरच्यांचा प्रश्न परत तोच, "आधीचं निघू द्यायला नको का?" इथं तशी वाट बघायची काही गरज नव्हती, ही औषधं एकमेकांत भिडत नाहीत, उलट वाट बघण्यात इन्फेक्शनला मोकळा दिवस मिळाला असता. मात्र निघून जायच्या वेळेचा हिशोब दुसऱ्या ठिकाणी खरंच उपयोगी पडला: सिप्रो आणि ग्लिमेपिराइड दोन्हीचा असर मावशींच्या किडनीत लांबणार म्हणून पुढचा पूर्ण दिवस आणि रात्र दर चार तासांनी शुगर बघायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. पहाटे तीनची सुद्धा सुनेने चुकवली नाही.

पुडी घ्यायची पद्धत मी काउंटरवर करूनच दाखवली, कारण ही पुडी लोक गरम दुधात घालतात किंवा ओआरएससारखी दिवसभर घोट घोट पितात. अर्धा ग्लास साधं पाणी, पुडी पूर्ण ओतायची, चमच्याने ढवळायचं, लगेच प्यायचं. जेवणानंतर दोन-तीन तासांनी, झोपताना, आणि आधी लघवीला जाऊन यायचं म्हणजे औषध रात्रभर मूत्राशयात राहील. रक्तात याचं हाफ लाइफ साडेपाच-सहा तासांचं, पण लघवीत ते दोन-तीन दिवस काम करण्याइतकं टिकतं, म्हणून एकच डोस. मंद किडनीत हेही लघवीत कमी उतरतं, हे डॉक्टरांनी लपवलं नाही, पण मुळात लघवीत त्याचं प्रमाण इतकं जास्त असतं की कमी होऊनही पुरेल असा त्यांचा अंदाज, आणि तिसऱ्या दिवशी आराम नसेल तर दुसरी पुडी, हे आधीच ठरवून ठेवलं.

पुढे काय झालं

शुक्रवारी दोनदा पातळ जुलाब, ते या औषधात होतं. लघवीचा गडद रंग शुक्रवारपर्यंत गेला. शनिवारी आग निम्मी, सोमवारी जवळजवळ नाही. दुसरी पुडी लागली नाही.

कल्चरचा रिपोर्ट आला तेव्हा घरात परत गोंधळ. ई. कोलाय नावाचा बॅक्टेरिया, १ लाखाच्या वर कॉलनी. सिप्रोला रेझिस्टंट (दाद न देणारा), को-ट्रायमोक्सॅझोललाही रेझिस्टंट, फॉस्फोमायसिनला सेन्सिटिव्ह (मरणारा), आणि नायट्रोफ्युरँटोइनलाही सेन्सिटिव्ह! मुलगा रिपोर्ट घेऊन आला, "मग पहिली गोळी बरोबरच होती की, उगं बदलली." लॅबमध्ये बॅक्टेरियाला औषध थेट बशीत मिळतं, मधे कुणाची किडनी नसते. रिपोर्ट सांगतो की औषध पोचलं तर बॅक्टेरिया मरेल, पोचेल का ते रिपोर्टला माहीतच नाही. चार गोळ्या घेऊनही एवढ्या कॉलनी उगवल्या याचा अर्थ औषध पुरेसं पोचत नव्हतं असा लावता येतो, पण मधला एक डोस चुकलेला आणि पहिली गोळी उपाशीपोटी, त्यामुळं सगळं खापर किडनीवर फोडणंही बरोबर नाही.

दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन परत १.५ वर आलं. मेटफॉर्मिन ५०० दोनदा केलं, ईजीएफआर ३० ते ४५ मध्ये दिवसाला १००० च्या वर नकोच असतं, आणि ग्लिमेपिराइड फक्त सकाळी १. हा बदल आठ महिन्यांपूर्वीच व्हायला हवा होता.

वेगळं काय करता आलं असतं

शिबिरात तो बाण दिसला त्याच दिवशी कुणीतरी ईजीएफआर काढून "तुमची किडनी निम्म्याच्या खाली आहे, कुठल्याही डॉक्टरांकडं गेलात तर हा कागद दाखवा" असं म्हणायला हवं होतं. पहिल्या दवाखान्यात शुगरच्या पेशंटला किडनीचा रिपोर्ट आहे का, एवढं एक वाक्य विचारलं असतं तर दोन दिवस वाचले असते. ज्या दुकानातून पहिली गोळी गेली तिथं "जेवणानंतर घ्या, लघवीचा रंग बदलेल, घाबरू नका" हे सांगितलं असतं तर मधला डोस चुकला नसता. आम्ही दुकानदार माणसं घाईत स्ट्रिपवर दोन रेघा मारून देतो, त्या दोन रेघांत हे सगळं मावत नाही.

आणि घरातली उरलेली स्ट्रिप. शेजाऱ्याला गुण आलेलं औषध आपल्या बॅक्टेरियाला चालेल याची काहीच खात्री नसते, इथं तर कल्चरनेच दाखवलं की सिप्रोचा उपयोग शून्य होता आणि धोका मात्र पूर्ण.

महिन्याभराने सून परत आली, आत्यांना आता काही त्रास नाही पण एकदा कल्चर करून घेऊ का, मनाला शांती. डॉक्टरांनी नको सांगितलं. शुगर असलेल्या वयस्कर बायकांच्या लघवीत त्रास नसतानाही बॅक्टेरिया सापडू शकतात, आणि त्रास नसेल तर त्यावर अँटिबायोटिक देऊन फायदा होत नाही, उलट पुढच्या खऱ्या इन्फेक्शनला औषध शिल्लक राहत नाही. परत आग झाली, ताप आला, पाठ दुखली तर औषधाच्या आधी लघवीचं सॅम्पल, आणि सोबत किडनीचा कागद. तो कागद सुनेने आता लॅमिनेट करून शुगरच्या फाइलच्या पहिल्या पानाला लावलाय.